कंबरलँड बेटावर हॅमॉक लावून राहायचंय? झाडं, दोऱ्या आणि रानघोडे यांचा सगळा हिशोब

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रानघोडे असलेली बेटं बरीच आहेत, पण हॅमॉकवाल्यांच्या, म्हणजे दोन झाडांमध्ये कापडी झोळी टांगून तिच्यात झोपणाऱ्यांच्या, कामाचं माझ्या मते एकच, जॉर्जिया राज्याचं कंबरलँड. मेरीलँड-व्हर्जिनियाचं अ‍ॅसाटीग जास्त फेमस आहे आणि तिथले घोडे रस्त्यावर सुद्धा दिसतात, पण समुद्राकडच्या कॅम्पसाइटवर वाळूच्या टेकड्या आणि झुडपं, हॅमॉक बांधायचा कशाला, गाडीच्या आरशाला? नॉर्थ कॅरोलिनाच्या शॅकलफर्ड बँक्सवर पण बहुतेक उघडा माळच. कंबरलँडला मात्र वाळूच्या टेकड्या ओलांडल्या की लगेच लाइव्ह ओकचं जंगल लागतं, फांद्या आडव्या पसरलेल्या, वरून राखाडी स्पॅनिश मॉस लोंबतंय, आणि सगळ्या कॅम्पसाइट त्याच सावलीत.

अटलांटा, जॅक्सनव्हिल, शार्लट या बाजूला राहणारी आपली मंडळी लाँग वीकएंडला जागा शोधत असतात म्हणून हे सविस्तर लिहितेय. भारतातून येणाऱ्यांना मुद्दाम एवढ्यासाठी या असं म्हणणार नाही, पण फ्लोरिडाला येणारच असाल तर जॅक्सनव्हिल एअरपोर्टपासून बोटीचं गाव तासाभराच्या आतच आहे.

आधीच सांगते, या लेखात घोड्यांच्या फोटोंपेक्षा दोऱ्यांबद्दल जास्त वाचायला मिळेल. कारण या बेटावर जमिनीवर झोपण्यात जे जे त्रास आहेत, म्हणजे वाळू, मुळं, गोचीड, पावसात साचणारं पाणी, त्यातले बरेचसे हॅमॉकमुळे सुटतात, पण हॅमॉक आणि टार्प (पावसासाठी वर ताणायचं ताडपत्रीसारखं छप्पर) म्हणजे अंधारात ताणलेल्या सात-आठ दोऱ्या आणि इथे रात्री चारशे किलोचं जनावर त्याच झाडांमधून चरत फिरतं. सगळं प्लॅनिंग या एका गोष्टीभोवती करायचं.

बेट कसं आहे ते आधी समजून घ्या

कंबरलँड जॉर्जियाचं सगळ्यात दक्षिणेकडचं आणि सगळ्यात मोठं बॅरियर बेट (किनाऱ्याला समांतर पसरलेलं वाळूचं बेट), लांबी साधारण २८ किलोमीटर. १९७२ पासून नॅशनल सीशोअर आहे, म्हणजे नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात, आणि १९८२ मध्ये उत्तरेकडचा मोठा भाग वाइल्डरनेस, म्हणजे जसंच्या तसं राखायचं रान, म्हणून जाहीर झाला. पूल नाही. दुकान नाही. दिवसाला साधारण ३०० माणसांची मर्यादा बरीच वर्षं चालत आलीये, त्यामुळे गर्दी म्हणाल तर बोटीवर जी दिसेल तीच.

घोडे किती? मोजणीत दरवर्षी आकडा बदलतो, सव्वाशे ते पावणेदोनशेच्या मधे कुठेतरी धरा. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणलेल्या घोड्यांचे हे वंशज अशी गोष्ट सगळे सांगतात, आणि स्पॅनिश मिशन इथे होतं हे खरंच आहे, पण जनुकीय अभ्यासात टेनेसी वॉकर, क्वार्टर हॉर्स, अरबी, पासो फिनो अशा नंतरच्या जातींशी नातं निघालंय. म्हणजे बराचसा भाग कार्नेगी या श्रीमंत उद्योजक कुटुंबाच्या काळात आणलेल्या आणि मोकळ्या सोडलेल्या घोड्यांचा. थॉमस आणि लूसी कार्नेगी यांनी १८८० च्या दशकात इथे जमीन घेऊन डंजनेस नावाचा वाडा बांधला होता, तो १९५९ मध्ये जळाला, आता नुसत्या भिंती उभ्यात आणि त्या भिंतींसमोरच्या गवतावर घोडे चरतात. तुम्ही पाहिलेले बरेच फोटो तिथलेच असणार.

आपल्याला महत्त्वाचं काय, तर या घोड्यांना कोणी खायला घालत नाही, डॉक्टर नाही, लसी नाहीत, संततिनियमन नाही. १९७१ चा रानघोड्यांचा जो केंद्रीय कायदा आहे तो यांना लागू होत नाही, कारण तो वेगळ्या खात्यांच्या जमिनींपुरता आहे. घोडे खाडीतलं गवत आणि वाळू धरून ठेवणारी सी ओट्स खातात, त्यामुळे बेटाचं नुकसान होतं असं एक म्हणणं, आणि घोडे इथेच हवेत असं दुसरं, हा वाद कोर्टापर्यंत गेलाय. माझं मत विचाराल तर घोडे दिसायला कितीही सुंदर असले तरी काहींच्या बरगड्या बघून वाईट वाटतं. पण त्यावर उपाय तुमच्या बॅगेतलं सफरचंद नाही. ते द्यायचंच नाही, अजिबात.

बुकिंग: दोन वेगळी तिकिटं लागतात

इथेच निम्मे लोक अडकतात. कॅम्पसाइटचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर, सहा महिने आधी खुलं होतं. बोटीचं बुकिंग वेगळं, फेरी चालवणाऱ्या कंपनीकडे. कॅम्पसाइट मिळाली आणि त्या दिवसाची बोट फुल, असं झालं की बसा. आधी दोन्हीकडे तारखा उघडून ठेवायच्या, दोन्हीकडे जागा दिसली की मगच पैसे भरायचे. शिवाय पार्कची एंट्री फी वेगळी, वर्षाचा पास असेल तर सोबत ठेवा.

बोट सेंट मेरीज गावातून सुटते, आय-९५ ला एक्झिट ३ घेऊन हायवे ४० ने सरळ पूर्वेला आलात की गाव संपतं तिथेच धक्का. अटलांटाहून साडेपाच-सहा तास धरा, त्यामुळे सकाळची बोट पकडायची तर आदल्या रात्री गावात मुक्काम करा, पहाटे तीनला निघून धावतपळत यायचे प्रकार लहान मुलं असताना तरी नको. प्रवास पाऊण तासाचा. शेजारीच किंग्ज बे हा नौदलाचा पाणबुड्यांचा तळ आहे, नशीब असेल तर पाणबुडी जाताना दिसते.

बोट आधी डंजनेस धक्क्याला थांबते आणि मग सी कॅम्प धक्क्याला, कॅम्पिंगवाल्यांनी दुसऱ्याला उतरायचं. तिथे रेंजर सगळ्यांना बसवून नियम सांगतात, ते नीट ऐका आणि तिथेच दोन प्रश्न विचारा: हॅमॉक कुठल्या झाडांना बांधलेला चालेल आणि सध्या घोड्यांचे कळप कुठे फिरतायत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही वेबसाइटवर मिळत नाही.

हिवाळ्यात बोट आठवड्यातले काही दिवस बंद असते, आणि थंडीच्या मोसमात हरणं आणि रानडुकरांच्या शिकारीसाठी ठरावीक दिवस राखलेले असतात, ते कॅलेंडर बघूनच तारीख ठरवा. कुत्र्याला बोटीवर नेता येत नाही. आणि परतीची शेवटची बोट चुकली तर स्वतःच्या खर्चाने खासगी बोट बोलवावी लागते, हे रेंजर हसत सांगतात पण खरं असतं.

कुठली कॅम्पसाइट

एकूण पाच ठिकाणं आहेत आणि बाहेर कुठेही, बीचवर तर नाहीच नाही, तंबू किंवा हॅमॉक लावायला परवानगी नाही.

सी कॅम्प धक्क्यापासून अर्धा मैल. फ्लश टॉयलेट, थंड पाण्याचा शॉवर, पिण्याचं पाणी, शेकोटीची जागा, टेबल आणि अन्न ठेवायला जाळीचा पिंजरा. सामान न्यायला धक्क्यावर हातगाड्या असतात. फॅमिलीसाठी हेच बरं. पण हॅमॉकच्या दृष्टीने एक अडचण, प्रत्येक साइट सॉ पाल्मेटोच्या दाट झुडपात कापून काढलेली खोली असल्यासारखी बंदिस्त, आणि कधी आत योग्य अंतरावर झाडं असतात कधी नसतात.

स्टॅफर्ड बीच धक्क्यापासून साडेतीन मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर चाल. टॉयलेट आणि थंड शॉवर इथे पण आहे, शेकोटी चालते, पाणी मात्र शुद्ध करून प्यायचं. माझी शिफारस हीच. जागा ऐसपैस, झाडं निवडायला वाव, बीच जवळ, आणि चालावं लागतं म्हणून ब्लूटूथ स्पीकरवाली जनता येत नाही.

मग वाइल्डरनेसमधली तीन: हिकरी हिल साडेपाच मैल, यँकी पॅराडाइज साडेसात, ब्रिकहिल ब्लफ साडेदहा. टॉयलेट नाही, शेकोटी बंद, फक्त स्टोव्ह. ब्रिकहिल खाडीच्या काठावर आहे आणि संध्याकाळचा उजेड तिथला बघण्यासारखा, पण पाठीवर सगळं घेऊन सतरा किलोमीटर सपाट वाळूच्या रस्त्यावर चालणं हे आपल्याकडच्या चढणीच्या ट्रेकपेक्षा सोपं वाटतं आणि तसं नसतं, वाळूत पाय रुततो. पहिल्यांदा जाताय तर दोन रात्री स्टॅफर्ड, बास.

कधी जायचं

मार्च-एप्रिल किंवा मग ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टला ३२-३३ डिग्री, वरून दमटपणा, दुपारी गडगडाटी पाऊस, आणि किडे. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळाचा सीझन, वादळ येतंय म्हटलं की बेट रिकामं करतात, तिकीट नॉन-रिफंडेबल असेल तर गेलं. जानेवारीत रात्री पारा पाच-सहापर्यंत उतरतो आणि हॅमॉकमध्ये हे पाच-सहा तंबूपेक्षा जास्त झोंबतं, त्याचं पुढे सांगते. वसंतात शिंगरं दिसतात आणि तेव्हाच घोड्या सगळ्यात तापट असतात, हेही लक्षात असू द्या.

हॅमॉकचं सामान

बीचवर दोन झाडांत लटकवतात तो जाळीचा किंवा काठ्या लावलेला हॅमॉक रात्री झोपायला नको, तो उलटतो. नायलॉनचा, दोन्ही टोकांना गोळा होणारा, किमान ११ फूट लांब घ्या. दहा फुटीमध्ये उंच माणसाची पाठ बाळाच्या झोळीत झोपल्यासारखी गोल होते आणि सकाळी उठवत नाही.

पट्टे किमान एक इंच रुंद, पॉलिएस्टरचे, नुसती दोरी झाडाला कधीच नको, सालीत रुतते. आणि इथे खास म्हणजे पट्ट्यांची लांबी. जुन्या लाइव्ह ओकचा घेर तीन मीटरच्या वर सहज जातो, नेहमीचा सहा-सात फुटी पट्टा त्याला पूर्ण वेढा सुद्धा घालत नाही. प्रत्येक बाजूला १५ फुटी पट्टा घ्या, नाहीतर वाढवायला एक जोडपट्टा.

मच्छरदाणी जोडलेली हवी आणि जाळी अगदी बारीक हवी. इथे नो-सी-अम नावाची चिलटांपेक्षा बारीक जात आहे, साध्या मच्छरदाणीतून आरामात आत येते आणि मग रात्रभर खाजवत बसा. वारा पडला की येतात.

पाठीखालचं पांघरूण, ज्याला अंडरक्विल्ट म्हणतात, ते वीस डिग्रीच्या खाली तापमान जाणार असेल तर घ्याच. कारण स्लीपिंग बॅग तुमच्या वजनाखाली दबते, दबली की त्यातली हवा जाते, आणि खालून वारा सरळ पाठीला लागतो. परवडत नसेल तर तंबूतली फोमची चटई हॅमॉकमध्ये टाका, रात्रभर सरकते पण चालतं.

टार्प ११-१२ फुटी, षटकोनी. खुंट्या लांब, नऊ-दहा इंची, तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या खुंट्या या वाळूत लोण्यातून सुरी काढावी तशा बाहेर येतात. आणि दोऱ्या, या सगळ्यात महत्त्वाच्या, रिफ्लेक्टिव्ह धागा असलेल्याच, सोबत जुन्या पांढऱ्या कपड्याच्या दहा-बारा चिंध्या. का ते सांगते.

निघायच्या दोन दिवस आधी पट्टे, हॅमॉकचं बाहेरचं कापड, बूट, मोजे, पँट यावर ०.५ टक्के परमेथ्रिन स्प्रे मारून वाळवून ठेवा. गोचीड आणि पट्ट्यावरून चालत येणाऱ्या मुंग्या दोन्ही थांबतात. अंगाला लावायचं नाही, ओलं असताना मांजराला जवळ येऊ द्यायचं नाही.

झाड निवडणं

साइटवर पोचल्यावर बॅग टाकून आधी दहा मिनिटं नुसतं फिरा, वर बघत आणि खाली बघत.

वर बघायचं ते सुकलेल्या फांद्यांसाठी. लाइव्ह ओक हिवाळ्यातही हिरवा असतो, त्यामुळे एखादी फांदी बिनपानांची दिसली तर ती मेलेलीच धरायची. फसवणूक एकच, फांदीच्या पाठीवर रिसरेक्शन फर्न वाढलेलं असतं, पावसानंतर ते हिरवंगार होतं आणि मेलेली फांदी पण जिवंत वाटते, म्हणून फर्नकडे नाही तर टोकाच्या पानांकडे बघा. या झाडाच्या आडव्या फांद्या प्रचंड जड असतात, त्यातली एक रात्री खाली आली तर विषय संपला. हॅमॉक खोडाला बांधा, फांदीला नको, आणि खोड निदान वीतभर जाडीचं, जिवंत हवं. दोन खोडांमधे १२ ते १५ फूट, म्हणजे अंदाजे पाच मोठी पावलं.

खाली बघायचं ते घोड्यांसाठी. लीद पडलीये का, ताजी का जुनी, गवत आखूड कुरतडलेलं आहे का, झुडपांमधून तुडवलेली पायवाट जातेय का. कंबरलँडवर माणसांच्या आणि घोड्यांच्या वाटा बऱ्याचदा एकच असतात, घोडे सुद्धा शहाणे, पाल्मेटोतून घुसण्यापेक्षा मोकळ्या वाटेने जातात. म्हणून साइटचं जे तोंड वाटेकडे उघडतं त्या बाजूला काहीही ताणायचं नाही. मागच्या बाजूला, पाल्मेटोच्या भिंतीला समांतर, असा हॅमॉक लावा, म्हणजे एका बाजूने झुडूप तुमचं कुंपण होतं. फक्त पाल्मेटोच्या देठांना करवतीसारखे दात असतात, त्याला हॅमॉक घासला की कापड गेलं, दोन फूट अंतर सोडा.

योग्य झाडं नाहीच मिळाली तर? टार्प जमिनीलगत लावून खाली चटई टाकून झोपायची तयारी ठेवा, जाळी कुठून लटकवणार तेही घरीच एकदा करून बघा. पाल्मेटो तोडायचा नाही, खिळा ठोकायचा नाही.

बांधणं, एकेक करून

पट्टा खोडाला साधारण छातीच्या वर, साडेपाच-सहा फुटांवर. बांधून झाल्यावर पट्टा जमिनीशी ३० अंशाचा कोन करतोय का बघा. बरेच जण हॅमॉक खाटेसारखा सपाट व्हावा म्हणून ओढून ओढून ताठ करतात आणि नेमकं तेच चुकतं. हिशोब सोपा आहे, ८० किलोच्या माणसाचं ३० अंशाला प्रत्येक पट्ट्यावर साधारण ८० किलोच ओढ येते, १५ अंशाला दीडशेच्या वर, १० अंशाला २३० किलो. म्हणजे ताठ बांधलात की झाडावर, पट्ट्यावर आणि कॅरबिनरवर (पट्टा आणि हॅमॉक जोडणारी धातूची कडी) तिप्पट भार आणि वर झोप पण वाईट. ढिलं बांधा, आणि आत कर्णरेषेत तिरके झोपा, डोकं एका बाजूला पाय दुसऱ्या, मग पाठ सपाट होते.

दरवेळी कोन मोजत बसायचं नसेल तर दोन टोकांमध्ये एक न ताणणारी दोरी कायमची लावून ठेवा, तिला रिजलाइन म्हणतात, लांबी हॅमॉकच्या ८३ टक्के. ११ फुटी हॅमॉकला ही साधारण नऊ फूट दीड इंच. मग झाडं कितीही दूर असोत, झोका सारखाच येतो. चष्मा, टॉर्च लटकवायलाही तीच.

बसल्यावर बूड जमिनीपासून ४५ सेंटिमीटरच्या आसपास, खुर्चीएवढं. उंच बांधण्यात शहाणपण नाही. रात्री घाईने उतरायची वेळ आली तर पाय लगेच टेकले पाहिजेत. आधी हाताने दाबून, मग हळूच बसून, मग झोपून वजन टाका.

पाऊस पट्ट्यावरून ओघळत हॅमॉकमध्ये येतो, म्हणून पट्टा आणि हॅमॉक जिथे जोडतात त्याच्या जरा अलीकडे एक सुतळीचा तुकडा बांधून लोंबत सोडा, पाणी तिथून खाली टपकतं.

आता टार्प, आणि इथेच घोडा आठवायचा. मोकळ्या मैदानात टार्पच्या कोपऱ्यांच्या दोऱ्या दोन-अडीच मीटर लांब पसरवायची सवय असते. इथे तसं नाही. टार्प नेहमीपेक्षा खाली आणि उतार तीव्र, म्हणजे खुंट्या टार्पच्या कडेपासून मीटरभरात येतात आणि पसारा कमी होतो, शिवाय वाऱ्यालाही हे बरं. प्रत्येक दोरीला गुडघ्याच्या आणि छातीच्या उंचीला एक एक पांढरी चिंधी. घोड्याला अंधारात माणसापेक्षा बरंच बरं दिसतं पण बारीक काळी दोरी त्यालाही दिसत नाही, आणि पाय अडकला की घोडा थांबून विचार करत नाही, तो उधळतो, टार्प, हॅमॉक आणि आतला माणूस सगळ्यासकट. पाऊस येणारच नाही अशी खात्री असेल त्या रात्री टार्प झाडांमधल्या दोरीवरच गुंडाळून ठेवा, जमिनीपर्यंत एकही दोरी नको.

खुंटी वाळूत धरतच नसेल तर कापडी पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा, फूटभर खड्डा करून पुरा आणि वरून पायाने दाबा. हे खुंटीपेक्षा भक्कम. निघताना खड्डा बुजवायचा.

कपडे वाळत घालायला वेगळी दोरी बांधू नका, रिजलाइनवरच टाका.

घोडे जवळ आले तर

नियम निदान ५० फुटांचा, म्हणजे १५ मीटर, वीस मोठी पावलं. तुम्ही जायचं नाही हे तर झालंच, पण घोडा तुमच्याकडे आला तरी अंतर तुम्हीच वाढवायचं. एक नर चार-पाच माद्यांना घेऊन फिरतो आणि दुसरा नर जवळ आला की भांडण होतं, लाथा-चावे दोन्ही, दोन नरांच्या मधे किंवा घोडी आणि शिंगराच्या मधे कधीही उभं राहायचं नाही. कान मागे चिकटवले, मान खाली घालून सापासारखी हलवली, किंवा ढुंगण तुमच्याकडे फिरवलं, की निघा. पळू नका, पाठ न दाखवता बाजूला व्हा.

तुम्ही हॅमॉकमध्ये असताना कळप साइटवर आला तर? बहुतेक वेळा ते चरत पुढे जातात, गवत खुडल्याचा कुर्रकुर्र आवाज येतो आणि फुरफुरणं. लांब असतील तर हलू नका, टॉर्च तोंडावर मारू नका. सरळ तुमच्या दिशेने येत असतील तर शांत आवाजात बोलत उतरा, अचानक उडी नको, आणि जाड खोडाच्या मागे जाऊन उभे राहा. हॅमॉकमध्ये पडलेला माणूस बरोबर घोड्याच्या गुडघ्याच्या उंचीला असतो, तिथे राहण्यात अर्थ नाही. म्हणूनच मच्छरदाणीची चेन डोळे मिटून उघडता यायला हवी आणि बूट नेहमी एकाच जागी, उलटे करून.

बाय द वे, पहिल्या रात्री घोडा आला घोडा आला म्हणून तुम्ही जे उठून बसाल ते निम्म्या वेळा आर्माडिलो असेल. मांजराएवढा प्राणी, सुक्या पाल्मेटोच्या पानांत असा आवाज करतो की बैल शिरलाय वाटतं.

फोटोसाठी लांब लेन्स किंवा मोबाइलचा झूम. ड्रोन नॅशनल पार्कमध्ये बंद आहे. घोडे कुठे दिसतील, तर डंजनेसच्या भिंतींजवळ जवळजवळ नक्की, खाडीच्या कडेला चरताना, आणि किडे वाढले की बीचवर वाऱ्याला उभे.

खाणं, पाणी, रकून

खरा चोर घोडा नाही, रकून. चेन उघडतो, झाकण फिरवतो, तंबू फाडतो. हॅमॉकमध्ये चॉकलेटचा कागद सुद्धा नको, टूथपेस्ट, सनस्क्रीन पण नको. सी कॅम्पला पिंजऱ्यात ठेवा आणि कडी नीट लावा, बाकी ठिकाणी पिशवी झाडाला टांगायची किंवा कडक डबा. टांगायची तर हॅमॉकपासून लांब, आणि अंतर वाटेवरून चालणाऱ्या घोड्याचाही विचार करून.

बेटावर काहीच विकत मिळत नाही हे गृहीत धरून जा. आपल्याकडे यासाठी तयार गोष्टी भरपूर आहेत, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेल्या रव्याचं उपम्याचं मिक्स, दडपे पोहे, यातल्या निम्म्यांना स्टोव्ह पण लागत नाही. सुकट वगैरे नेऊ नका, म्हणजे कृपाच. वास रकूनच्या आधी शेजारच्या साइटवर जातो.

पाणी माणशी दिवसाला तीन-चार लिटर. सी कॅम्प सोडून सगळीकडे फिल्टर करा किंवा उकळा. आतल्या विहिरींच्या पाण्याला गंधकाचा, सडक्या अंड्याचा वास येतो, फिल्टरने तो जात नाही. आमसुलाची सरबत पावडर टाका, पिऊन होतं.

कचरा सगळा परत न्यायचा, संत्र्याच्या सालीसकट.

बाकीचे धोके, थोडक्यात

गोचीड: रोज संध्याकाळी शॉवरला जाल तेव्हा काखा, जांघा, केसांची मुळं, गुडघ्यामागे तपासा. चिमटा सोबत हवाच, कातडीलगत पकडून सरळ ओढायचा, तेल-काडेपेटीचे घरगुती प्रयोग नकोत. खाली पडलेलं स्पॅनिश मॉस मऊ दिसतं म्हणून उशीत भरू नका, त्यात चिगर नावाचे चावणारे बारीक किडे असतात.

साप: डायमंडबॅक रॅटलस्नेक आहेत, रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही. गोड्या पाण्याच्या तळ्यांत मगरी, म्हणजे अ‍ॅलिगेटर, काठापासून लांब.

वीज: हॅमॉकवाल्यांना हा धोका जास्त, कारण आपण झाडाला बांधलेलोच असतो. गडगडाट ऐकू आला की उतरा. सी कॅम्प, स्टॅफर्डला टॉयलेटची इमारत गाठा, आतल्या साइटवर असाल तर उंच झाडांपासून दूर, सखल जागी, बीचवर अजिबात नाही. हवामान बोटीत चढायच्या आधी बघून घ्या, बेटावर मोबाइलला रेंज येते-जाते.

समुद्र: लाइफगार्ड नाहीत. भरती-ओहोटीत पाण्याची पातळी सहा-सात फुटांनी बदलते, बीचवर लांब चालत जाताना टाइम टेबल बघा. मे ते सप्टेंबर कासवं अंडी घालायला येतात, रात्री बीचवर पांढरा उजेड नको.

निघताना

परतीच्या बोटीच्या निदान तीन तास आधी आवरायला लागा, स्टॅफर्डहून धक्क्यापर्यंत सामान घेऊन दीड-दोन तास जातात. उलट्या क्रमाने सोडा, आधी जमिनीवरच्या दोऱ्या आणि खुंट्या, मग टार्प, सगळ्यात शेवटी हॅमॉक, कारण पाऊस आला तर बसायला छप्पर राहिलं नाही तरी चालतं पण पॅकिंगच्या मधेच कळप आला तर जमिनीवर दोऱ्या नकोत. खुंट्या मोजून घ्या. वाळूत राहिलेली एक खुंटी म्हणजे घोड्याच्या खुराला जखम आणि इथे त्याला डॉक्टर नाही. चिंध्या पण मोजा.

वेळ उरला तर मुलांना घेऊन आतल्या मातीच्या रस्त्यावर शार्कचे जुने दात शोधा, ते नेलेले चालतात.

घरी आल्यावर हॅमॉक आणि टार्प गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा, मशीनमध्ये नको. पट्ट्यांची खारट वाळू ब्रशने काढा, ती तशीच राहिली तर धागे आतून कापते, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कॅरबिनरची गेट उघड-बंद करून बघा. कचकच लागली तर कोमट पाण्यात धुऊन थेंबभर तेल.